भाच्याची मोटार आणि चाळीस हजार रुपये

गेल्या महिन्यात वारासिवनीस बहिणीकडे जाण्याचा योग आला. अंगणात मेव्हण्यांची जुनी मारुती ८०० उभी होती आणि तिच्यापाशी भाचा वही उघडून बसला होता. शिकवण्या घेऊन दोन वर्षांत साठविलेल्या चाळीस हजारांचा हिशेब त्याने मांडला होता : घुमणारा सायलेन्सर, रुंद चाके, मागे पंख, आणि उरलेच तर इंजिनाचे काम. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टै येथील शर्यतीच्या पथावर त्यास ही गाडी एकदा चालवावयाची आहे. बहिणीने मला स्वयंपाकघरात बोलावून म्हटले, "दादा, तुझा जन्म मोटारींत गेला. तूच त्याला नाही म्हण." मेव्हण्यांची अट निराळी. दिवाळीत याच गाडीतून सर्वांना नागपूरला जाता आले पाहिजे!

मला नाही म्हणवेना. ही हौस आपल्याकडे जुनी आहे. मद्रासजवळच्या शोलावरमच्या युद्धकालीन धावपट्टीवर १९५० च्या दशकापासून शर्यती होत, आणि तेथे हेरल्ड, फियाट अशा घरगुती गाड्याही उतरत. पुढे १९८० च्या दशकात बंगलोरची सिपानी डॉल्फिन तेथे गाजली. इंजिन अवघे ८४८ सी.सी.चे, पण अंग फायबरग्लासचे असल्याने वजन थोडे. मारुती ८०० चे इंजिन घेऊन तर कोइमतूरच्या करिवर्धन यांनी एकआसनी शर्यतीच्या गाड्या बांधल्या. त्या 'फॉर्म्युला मारुती'तून नारायण कार्तिकेयनने आरंभ केला. २००५ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये उतरणारा तो पहिला भारतीय होय.

तेव्हा गाडीत दोष नव्हता. दोष वहीतल्या क्रमात होता. मी ती यादी तळापासून वाचावयास सांगितली, आणि जे तीत नव्हतेच ते सर्वांत वर लिहविले : ब्रेक.

वेग दुप्पट झाला की थोपवावयाची ऊर्जा चौपट होते. रस्त्यावर आपण एकदा जोराने ब्रेक दाबतो आणि पुढे कितीतरी वेळ विसरतो. पथावर तो जवळजवळ प्रत्येक वळणापाशी दाबावा लागतो, आणि मधल्या वेळात तो थंड होत नाही. त्यात ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषणारे. डॉट ३ जातीचे नवे तेल २०५ अंश सेल्सिअसपर्यंत तरी उकळू नये, असे प्रमाण आहे. ओलावा शोषलेल्या तेलासाठी तेच १४० वर उतरते. डॉट ४ साठी हे आकडे २३० आणि १५५. तेल उकळले की नळीत वाफ होते, वाफ दबते, आणि पेडल सरळ तळाला जाते. हे तेल शेवटचे केव्हा बदलले, असे मी विचारले. मेव्हणे आंब्याच्या झाडाकडे पाहू लागले.

दुसऱ्या दिवशी गाडी मिस्त्रीकडे नेऊन चाके उतरविली. पुढचे पॅड झिजून पातळ झालेले, मागच्या एका ड्रममध्ये तेल पाझरलेले. परवाच याच गाडीतून आजीला गोंदियाच्या डॉक्टरांकडे नेले होते, हे बहिणीला आठवले आणि ती गप्प झाली.

पैशाचा पहिला वाटा तेथेच गेला. दुसरा वाटा चार चांगल्या टायरांचा, मूळ मापाचेच; पाठोपाठ चाकांची सरळ जुळणी. तिसरा हेल्मेटचा. रेडिएटर धुऊन घेणे आणि इंजिन ऑइल बदलणे यांत फारसे जात नाही. वजन उतरविणे तर फुकट : सुमारे साडेसहाशे किलोच्या गाडीतून मागची बैठक, जॅक आणि राखीव चाक पथाबाहेर काढून ठेवले तरी फरक जाणवतो. परतताना मात्र ते पुन्हा बसविलेच पाहिजे. वारासिवनीहून चेन्नई हजार किलोमीटरांहून दूर; गाडी ट्रकवर घालून न्यावयाची ऐपत कोणाची?

"आणि इंजिन, मामा?"

"त्याला हात लावू नकोस. आधी एवढ्याच ताकदीत वळण नीट घेऊन दाखव."

सायलेन्सरही खोडविला. मोटार वाहन अधिनियम १९८८ चे कलम ५२ मूळ बनावटीत फेरफार करू देत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केले आहे. सार्वजनिक रस्त्यावर परवानगीवाचून शर्यत लावणे हा तर गुन्हाच, हेही बजावले. वैनगंगेच्या पुलाकडे त्याचे मित्र संध्याकाळी काय करतात, हे मला कळले होते.

शेवटी वहीत नऊ हजार शिल्लक राहिले. ते पथाच्या शुल्काला आणि पेट्रोलला ठेव, असे सांगितले. बहिणीने अजून होकार दिलेला नाही, पण मिस्त्रीकडून गाडी आली तेव्हा पुढच्या बैठकीवर तीच बसून बाजारापर्यंत जाऊन आली.

निघताना भाच्याने हळूच विचारले, "मामा, पंखाचं काय?" मी वही मिटून त्याच्या हाती दिली.