जीर्णोद्धार दगडाचा आणि हाताचाही

देऊळ जुने झाले की गावात दोन तट पडतात. एक म्हणतो, हात लावू नका. दुसरा म्हणतो, पाडून नवे बांधा. जिंकतो मात्र तिसराच पक्ष : ऑइलपेंट आणि टाइल्सवाल्यांचा!

वाईचा ढोल्या गणपती पाहा. गणपतराव रास्ते यांनी १७६२ मध्ये बांधलेल्या या देवळाची मागची भिंत माशासारखी निमुळती आहे, कृष्णेच्या पुराचे पाणी दुभंगून जावे म्हणून. खाली माहुलीच्या संगमावर विश्वेश्वर, पुढे सांगलीला पटवर्धनांचे गणपती मंदिर. २००५, २०१९, २०२१ असे महापूर सोसलेल्या या नदीकाठी जुन्या गवंड्यांची विद्या अजून उभी आहे.

चुना ओल घेतो आणि सोडतो. त्यावर सिमेंट थापले, दगडावर ऑइलपेंट चढवला, की ओल आत कोंडते आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. आमच्या गावी देवळात टाइल्स बसवायच्या बैठकीत मी हे सांगितले. एक तरुण शांतपणे म्हणाला, "काका, दगड घडवणारा पाथरवट आणि चुना मळणारा गवंडी आणून दाखवा. टाइल्स आजच रद्द करू." बैठकीत कोणालाच एक नाव सुचले नाही.

खरे दुखणे इथे आहे. जपानमध्ये इसे येथील शिंतो पंथाचे महास्थान इ. स. ६९० पासून दर वीस वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर लाकडात जसेच्या तसे नव्याने उभारतात. मध्ये यादवीमुळे शंभरावर वर्षे खंड पडला, तरी परंपरा पुन्हा उभी राहिली. २०१३ मध्ये बासष्टावी उभारणी झाली. पुढची २०३३ ला. एका उभारणीत हाताखाली राबलेला पोरगा पुढच्या वेळी मिस्त्री असतो. जुने लाकूड इतर देवस्थानांना जाते. तिथे जपतात ती वस्तू नव्हे, ती करणारा हात!

आपला काळा दगड वीस वर्षांत बदलायची गरज नाही. पण माणूस एका पिढीत संपतो. म्हणून माझे म्हणणे एवढेच : यात्रेच्या वर्गणीतला थोडा वाटा दरवर्षी बाजूला काढा. चार-पाच गावांनी मिळून एक जाणता पाथरवट शोधा, त्याला मजुरी द्या आणि त्याच्या हाताखाली गावची दोन पोरे ठेवा. पहिल्या वर्षी एक पायरी दुरुस्त झाली तरी पुष्कळ.

टाइल्सवर देणगीदाराचे नाव झळकते, हे खरे. पण देवळाला पुढची दोनशे वर्षे नावांनी नव्हे, हातांनी मिळणार आहेत.