विश्वासाची किंमत कोण भरतो?

खानदेशातल्या ख्रिस्ती घरांत ‘विश्वासाने चाललोय’ हे उत्तर सारखं कानावर पडतं. बोअरला पाणी लागलं नाही, मुलाच्या नोकरीचं काही जमेना, पीककर्जाचा हप्ता थकला, काहीही विचारा, उत्तर तेच. माझं लहानपण पारोळ्यात गेलं आणि हे उत्तर मला प्रिय आहे. म्हणूनच ते कोण कशासाठी वापरतं याबद्दल मला स्पष्ट बोलायचं आहे. माझं म्हणणं एवढंच की, जो विश्वासाने जगतो त्याने त्या विश्वासाची किंमत स्वतः भरावी. दुसऱ्याच्या ताटातून किंवा दुसऱ्याच्या अंगातून ती वसूल होत असेल, तर तिथे देवाचं नाव घेऊन भलतंच काही चाललेलं असतं.

कापसाचंच बघा. वेचणी सुरू झाली की खेडा खरेदीवाले गावोगाव काटा घेऊन फिरतात. कापसावर पाणी मारलं की वजन वाढतं. व्यापाऱ्याला ते ठाऊक असतं, म्हणून तो कटती लावतो, नाहीतर सरळ काटा मारतो. सगळेच करतात, असं दोघेही म्हणतात. अशा बाजारात कोरडा कापूस आणणारा त्या दिवशी तोट्यातच जातो, कारण त्याचाही माल ओला धरूनच भाव फुटलेला असतो. देव बघतो आहे एवढ्याच भरवशावर तो तोटा पत्करणं, हे माझ्या लेखी रोजचं विश्वासाचं जगणं. रविवारच्या उपासनेत त्याची साक्ष कोणी देत नाही. सांगण्यासारखं काही घडलेलंच नसतं. चार पैसे कमी आले, एवढंच.

आपल्याकडे विश्वासाने जगण्याचं सर्वात मोठं उदाहरण पंडिता रमाबाईंचं. शारदा सदनासाठी अमेरिकेतल्या मंडळींनी दहा वर्षं मदत देण्याचं वचन दिलं होतं आणि त्यावर १८८९ पासून काम नीट चाललं होतं. मग १८९६–९७ चा दुष्काळ पडला. मध्य प्रांतातल्या उपाशी मुलींना घेऊन येण्यासाठी रमाबाई निघाल्या, तेव्हा त्या मुलींच्या खर्चाचं वचन कोणीच दिलेलं नव्हतं. शेकडो मुली आल्या. १९०० च्या दुष्काळानंतर केडगावच्या मुक्तीसदनात दोन हजारांच्या आसपास माणसं होती. ब्रिस्टलमध्ये अनाथाश्रम चालवणाऱ्या जॉर्ज म्यूलर यांचं चरित्र रमाबाईंनी वाचलं होतं, देवाकडे मागून काम चालवायचं ही रीत त्यांना पटली होती. पण मागून झाल्यावर त्या हात जोडून बसल्या नाहीत. विहिरी खणल्या, मळे लावले, तेलाचा घाणा, विणकाम, छापखाना सुरू केला. मुलींच्या पोटाची जबाबदारी त्यांनी स्वतःच्या अंगावर घेतली. बायबलचं भाषांतर चालू असताना १९२१ मध्ये मनोरमा गेली. एकुलती मुलगी. तरी काम थांबलं नाही. १९२२ च्या एप्रिलमध्ये रमाबाई गेल्या तोवर ते पूर्ण झालं होतं. विश्वास ठेवणाऱ्याचं सगळं चांगलंच होतं असं सांगणाऱ्यांनी केडगावला जाऊन यावं.

रेव्हरंड टिळकांचं उदाहरण मला जास्त अवघड वाटतं. त्यांच्याविषयी मला अपार आदर आहे. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ उभा केला; बाहेरच्या पैशावर न विसंबता ख्रिस्ताचं काम इथल्या मातीतलं व्हावं, हा ध्यास होता. पण त्यांच्या हाती पैसा कधी टिकला नाही, आणि महिनाअखेरीला घर चालवायचं होतं त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना. लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ वाचताना मी अनेकदा पुस्तक खाली ठेवते आणि विचार करते, यातल्या किती पानांवर विश्वास टिळकांचा आणि ओढाताण लक्ष्मीबाईंची आहे? त्या आनंदाने सोबत राहिल्या, स्वतःच्या श्रद्धेने राहिल्या, हे खरंच. तरी घरातल्या बाईला न विचारता घेतलेल्या निर्णयाला विश्वासाचं नाव देताना आपण दहा वेळा थांबलं पाहिजे. आजही कित्येक घरांत हेच चालतं.

चंगाई सभांचं तर उघड आहे. प्रार्थनेने आजार बरा होतो या श्रद्धेला माझा विरोध नाही. जळगाव-भुसावळकडे ज्या अलायन्स मिशनने मंडळ्या उभ्या केल्या, तिचे संस्थापक सिम्प्सन यांच्या शिकवणीच्या चार खांबांपैकी एक चंगाईचाच होता. आजारी माणसावर हात ठेवून प्रार्थना करणं आमच्या घरचंच. पण मांडवातला पाहुणा पाळक बाईला साखरेच्या गोळ्या बंद करायला सांगतो आणि रात्री पुढच्या गावाला निघून जातो, तेव्हा पायाची जखम चिघळते ती बाईची. त्याचं काय गेलं? १८९४ मध्ये मिरजेला रुग्णालय उभारणारे डॉ. वॉनलेस श्रद्धावानच होते. नवापूरजवळच्या चिंचपाड्याच्या मिशन दवाखान्यानेही प्रार्थना आणि उपचार यांत कधी भांडण मानलं नाही.

आता आपण, इथे परदेशात राहणारे. आपल्याला विमा आहे, पेन्शन आहे, पाऊस पडला नाही तर फार तर बागेला पाणी घालावं लागतं. गावाकडे फोन लावून कोरडवाहू शेती कसणाऱ्या भावाला ‘प्रभूवर भार टाक’ असं सांगणं आपल्याला फार सोपं जातं. पिकाविना शेत आणि गुराविना गोठा डोळ्यांसमोर ठेवूनही देवात आनंद मानणारा हबक्कूक त्याच देशात राहत होता. शेतं ओस पडली असती तर उपाशी तोही राहणार होता. आपल्या बोलण्यामागे तसं काही नाही. ते आणायचं असेल तर मार्ग आहे. नाताळला गावी जाल तेव्हा चर्चला नवा स्पीकर देण्याआधी पाळकांना बाजूला घेऊन विचारा की मंडळीत पैशांअभावी कोणाची औषधं थांबली आहेत, कोणाच्या मुलीची फी राहिली आहे, सावकाराचं देणं कोणाच्या गळ्याशी आलं आहे. आणि ते नाव न सांगता भरा. आपल्या त्या महिन्याच्या हिशेबात खड्डा पडेल इतकं भरा.