संगणकाची मेमरी : गरज किती, खरेदी किती?

संगणक खरेदी करताना 'मेमरी किती?' हा प्रश्न प्रत्येक घरात विचारला जातो. मात्र या एका शब्दाखाली दोन भिन्न गोष्टी येतात, हे पुष्कळदा लक्षात घेतले जात नाही. हिशेब, पत्रे, छायाचित्रे कायमची साठवते ती डिस्क. ते गोदाम होय. हाती घेतलेले काम ज्यावर मांडले जाते ती रॅम. तो दुकानाचा काउंटर होय. संगणक बंद होताच काउंटर रिकामा होतो, गोदामातील माल मात्र सुरक्षित राहतो. म्हणूनच जाहिरातीतील '५१२ जीबी' हा आकडा बहुधा गोदामाचा असतो. काउंटर वेगळा विचारावा लागतो.

काउंटर अपुरा पडला की संगणक काही माल तात्पुरता गोदामात हलवतो व लागेल तेव्हा परत आणतो. या येरझाऱ्यांमुळेच काम मंदावते. विंडोज ११ साठी किमान ४ जीबी रॅम आवश्यक आहे. परंतु ही केवळ प्रवेशाची अट होय, सुखाने काम चालण्याची हमी नव्हे. पत्रव्यवहार, जमाखर्च, जीएसटी विवरणपत्रे व नेट बँकिंग यांसाठी ८ जीबी साधारणतः पुरते. मुलांचे ऑनलाइन वर्ग आणि एकाच वेळी उघडलेली अनेक पाने असतील, किंवा नवा संगणक पुढील कित्येक वर्षे वापरायचा असेल, तर १६ जीबी घेणे हिताचे. ३२ जीबी ही चलच्चित्र संपादनासारख्या जड कामाची गरज आहे. अन्य घरी ती पडून राहणाऱ्या मालासारखी ठरते.

जुना संगणक मंद झाला म्हणून तो लगेच मोडीत काढू नये. सर्वाधिक कामाच्या वेळी कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या कळा एकत्र दाबाव्यात. 'टास्क मॅनेजर' उघडल्यावर मेमरी व डिस्क यांचा वापर टक्क्यांत दिसतो. मेमरी सतत काठोकाठ भरलेली असेल, तर रॅम वाढवावी. मेमरीत जागा शिल्लक असून डिस्कच शंभर टक्क्यांवर असेल, तर दोष बहुधा जुन्या हार्ड डिस्कचा असतो. तेथे रॅमवर केलेला खर्च वाया जातो व एसएसडी बसविणे फलदायी ठरते.

रॅम वाढविण्यापूर्वी संगणकाला डीडीआर ४ चालते की डीडीआर ५, हे पाहावे. एकाच्या जागी दुसरी बसत नाही. काही लॅपटॉपमध्ये रॅम पक्की जोडलेली असते, तेथे पुढे वाढ शक्य नसते. अशा वेळी खरेदीच्या दिवशीच थोडी अधिक घेणे शहाणपणाचे. एरवी आधी मोजणी, मग खरेदी हा व्यापारातील नियम येथेही तितकाच खरा आहे.