प्रश्न काढायला डॉक्टरच हवेत



पदव्युत्तर वैद्यकीय परीक्षांचे प्रश्न काढण्याचे काम मानसेवी डॉक्टरांकडून काढून एखाद्या एजन्सीकडे द्यावे, हे गेल्या अंकातील पत्रातले मत पटले नाही. 2024 ची नीट-पीजी आदल्या रात्री पुढे ढकलली गेली, हा त्यांचा दाखला खरा. पण त्यामागचा संशय परीक्षा घेणाऱ्या यंत्रणेवर होता, प्रश्न लिहिणाऱ्यांवर नव्हे.

बरोबर उत्तर कोणीही पुस्तकातून उचलेल. खरी कसोटी तीन चुकीचे पर्याय लिहिण्यात असते. विंचूदंशाचेच घ्या. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी त्यावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला, तो ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. घामाने थबथबलेला, गार पडलेला रुग्ण पाहून नवखा डॉक्टर अ‍ॅट्रोपिनकडे हात नेतो. तोच चुकीचा पर्याय प्रश्नात हवा. हे रुग्ण तपासणाऱ्यालाच सुचते. (एजन्सी बहुधा परदेशी पुस्तक उघडेल.)

प्रश्नकर्त्यांच्या मानधनाची तक्रार मात्र रास्त आहे, त्याबद्दल जरूर भांडू. पण आमच्या गजरा राजा वैद्यकीय महाविद्यालयातल्या आणि जिल्हा रुग्णालयांतल्या अनुभवी डॉक्टरांनी आपली नावे प्रश्नकर्ते म्हणून आवर्जून द्यावीत.

— एक वाचक डॉक्टर, लष्कर, ग्वाल्हेर