परदेशची सेवा आणि पोटचे मूल

अलीकडे आपल्या सुशिक्षित घरांतून एक नवाच संकल्प कानावर येऊ लागला आहे. पती-पत्नी दोघेही चांगली कमावती, पदरी आठ-नऊ वर्षांचे एक मूल. वर्ष-दोन वर्षांची बिनपगारी रजा घ्यावयाची, साठविलेल्या पैशांवर निर्वाह करावयाचा, आणि नेपाळात, कंबोडियात किंवा पूर्व आफ्रिकेत जाऊन एखाद्या शाळेत अगर दवाखान्यात विनामूल्य सेवा करावयाची. पूर्वी घरचा कर्ता पुरुष काशीयात्रेस निघाला म्हणजे जी खळबळ उडत असे, तीच या संकल्पाने उडते. आजी म्हणते, "सेवाच करायची तर आपल्याकडे दुखणाइतांचा काय तोटा?" आजोबा शाळेचे वर्ष बुडेल म्हणून हळहळतात; आणि ज्याचे वर्ष बुडावयाचे तो मात्र विमानात खिडकीपाशी जागा मिळेल का, एवढेच विचारीत असतो. अशाच एका घरून आमचा अभिप्राय विचारणारे पत्र आल्यामुळे या महिन्यात हाच विषय घेतला आहे.

आजीबाईंचा प्रश्न गैर नाही, पण त्याने वाद मिटत नाही. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चीनमध्ये गेले, तेव्हाही सोलापुरात रोगी होतेच. म्हणून त्यांच्या सेवेस कोणी उणे म्हटलेले नाही. परंतु कोटणीस गेले ते एकटे व अविवाहित. त्यांनी पणाला लावला तो स्वतःचा जीव. दानाचा पहिला नियम असा की, जे द्यावयाचे ते आपल्या मालकीचे असले पाहिजे. संकल्पाचे उदक आईबाप सोडतात. पण त्याबरोबर मुलाची दोन वर्षे, त्याचे सवंगडी, त्याची भाषा हीही ताम्हनात पडतात, आणि त्यांवर आईबापांची मालकी कितपत आहे, याचा विचार निघण्यापूर्वी झाला पाहिजे, असे आम्हांस वाटते.

अमेरिकेतील सायडनस्ट्रिकर नावाचे मिशनरी दांपत्य १८८० साली चीनमध्ये गेले. त्यांच्या धर्मप्रसाराशी आपल्याला येथे कर्तव्य नाही. परक्या मुलखात संसार थाटून मुले वाढविणारे आईबाप, एवढ्यापुरतीच ती आपल्याला हवी आहेत. त्यांना सात अपत्ये झाली, त्यांपैकी चार लहानपणीच दगावली. मूल हातचे जावे, आणि बापाने चार दिवसांनी पुन्हा खेडोपाडी फिरतीवर निघावे, असा तो संसार. तीन मुले गेल्यावर मायदेशी आलेल्या त्या माउलीच्या पोटी १८९२ साली एक मुलगी जन्मली व काही महिन्यांची असतानाच चीनमध्ये नेली गेली. तीच पुढे १९३८ साली नोबेल पारितोषिक मिळविणारी कादंबरीकर्त्री पर्ल बक होय. यांगत्से नदीकाठच्या गावी ही मुलगी चिनी दाईच्या मांडीवर गोष्टी ऐकत, चिनी मुलांत खेळत वाढली; इंग्रजीइतकीच चिनी ही तिची घरची भाषा झाली. मुलाला परदेशी नेण्याचा लाभ म्हणून जो सांगतात तो हाच, आणि तो खोटा नाही.

पण वहीची दुसरी बाजूही तिनेच लिहून ठेविली आहे. १९३६ साली तिने आईचे एक व बापाचे एक, अशी दोन निरनिराळी चरित्रे प्रसिद्ध केली. एका छपराखाली राहिलेल्या दोघांसाठी दोन ग्रंथ लागावेत, यातच पुष्कळ आले; शिवाय आईच्या चरित्रास तिने दिलेल्या नावाचा अर्थ 'हद्दपार झालेली' असा होतो. बापाला जे कार्य वाटले ते आईला काय वाटत होते, हे घरात वावरणाऱ्या लेकीने पाहिले होते. आणि तिची स्वतःची गत काय झाली? १९३४ साली तिने चीन सोडला. १९७२ साली, वयाच्या ऐंशीच्या घरात, बालपणीचा तो देश पाहण्यास जाण्याची परवानगी तिने मागितली. चीनने ती नाकारली. दुसऱ्याच वर्षी ती वारली.

मग मुलाला घरीच ठेवून जावे काय? तेही करून पाहिलेले आहे. डॉ. अल्बर्ट श्वाइट्झर यांनी १९१३ साली पत्नी हेलेन हिच्यासह आफ्रिकेतील गॅबॉन प्रांती, लांबारेने येथे रुग्णालय काढले. पहिल्या महायुद्धात ती दोघे अटकेत पडून युरोपात परत आली. आणि १९१९ च्या १४ जानेवारीस, म्हणजे नेमकी बापाच्याच वाढदिवशी, त्यांना रेना ही मुलगी झाली. १९२४ साली डॉक्टर पुन्हा आफ्रिकेस निघाले ते पत्नीस व कन्येस मागे ठेवून. पत्नी क्षयाने खंगलेली, मुलगी पाच वर्षांची. ते परतले १९२७ साली, आणि पुढेही त्यांचे आयुष्य अशाच येरझाऱ्यांत गेले. जगाने त्यांना १९५२ चे शांतता पारितोषिक दिले, ते योग्यच झाले. इकडे रेनेने लग्न केले, चार मुले वाढविली, आणि मग प्रयोगशाळेतील कामाचे शिक्षण घेऊन चाळिशीच्या सुमारास ती लांबारेन्यास गेली. १९६५ साली बाप वारल्यावर १९७० पर्यंत रुग्णालयाचा कारभार तिने पाहिला. पितृभक्तीचे उदाहरण म्हणून लोक ही हकीकत सांगतात. आम्हांस तीत बापाचा सहवास मिळावा म्हणून चाळीस वर्षे थांबलेली एक मुलगी दिसते.

तेव्हा जावयाचे असेल तर मुलाला घेऊनच जावे, असे आमचे मत आहे. पर्ल बकच्या भावंडांना ज्या रोगांनी नेले त्यांतील पुष्कळांना आज तोड निघाली आहे. आफ्रिकेच्या बऱ्याच देशांत जाताना पीतज्वराची लस टोचून घेतल्याचा दाखला लागतो. ती निघण्यापूर्वी निदान दहा दिवस आधी घ्यावी. तिकडून परतताना हा दाखला जवळ नसेल तर आपल्याच विमानतळावर सहा दिवसांपर्यंत अलग ठेवतात. हिवतापासाठी मच्छरदाणी आणि मुलाच्या वजनाच्या मानाने डॉक्टरांनी ठरविलेल्या गोळ्या, यांत हयगय नको. परवान्याचीही एक अडचण आहे. प्रवाशाच्या व्हिसावर विनावेतन कामसुद्धा करता येत नाही, असे नियम अनेक देशांत आहेत. सेवा फुकट आहे म्हणून कायदा डोळेझाक करीत नाही.

एका गोष्टीस मात्र आमचा साफ विरोध आहे. पुष्कळ कुटुंबांना अनाथालयाची सेवा सुचविली जाते. आपलेही मूल तेथे खेळेल, त्याला दया शिकता येईल, असे सांगतात. कंबोडियातील अनाथालयांची पाहणी झाली तेव्हा तेथील चार मुलांपैकी सुमारे तिघांचे आई किंवा बाप हयात असल्याचे आढळले. नेपाळात तर यादवीच्या काळात (१९९६ ते २००६) दूरच्या डोंगरी जिल्ह्यांतील गरीब आईबापांना 'शाळेत घालतो' असे सांगून दलालांनी मुले काठमांडूस आणली, आणि प्रवाशांच्या देणग्यांवर संस्था चालविल्या. पाहुण्यांची ये-जा वाढली की 'अनाथ'ही वाढतात, असा हा व्यापार आहे. शिवाय ज्या मुलांना आधीच आईपासून तोडले आहे, त्यांना दोन महिने जीव लावून पुन्हा निघून जावयाचे, याला सेवा कशी म्हणावी? दंतवैद्याने दात पाहावेत, अभियंत्याने नळ बसवून ते दुरुस्त करण्यास तेथील माणसे शिकवावीत. ज्याला काही येत नाही, त्याने जाण्यापूर्वी काही शिकून घ्यावे.

मुलाच्या शाळेविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या त्या सेवेसाठी नव्हे, शिक्षणासाठी. पण दोन वर्षांची मनोरमा त्यांच्याबरोबर होती. वँटेज येथील मठात आश्रय मिळाला, आणि पुढे मुलीला धर्मशिक्षण कसे द्यावे, यावरून आई व मठातील भगिनी यांच्यात पत्रोपत्री वाद झाला. ज्याच्या ओसरीवर मूल वाढते तो त्याला आपले वळण लावू पाहणारच. यजमान संस्थेच्या शाळेत मूल घालण्यापूर्वी तेथे काय शिकवितात, हे आईबापांनी स्वतः वर्गात बसून पाहावे.

भाषेची काळजी पुष्कळ जण करतात ती उलट्या बाजूने. नऊ वर्षांचे मूल सहा महिन्यांत तेथील पोरांबरोबर भांडू लागते. जाते ती मराठी, आणि प्रथम जाते ते तिचे लिहिणे. रोज एक पान शुद्धलेखन आणि आठवड्यास आजीला हाताने लिहिलेले एक पत्र, एवढे चुकवू नये. परतल्यावर वर्ष बुडेल ही आजोबांची भीती मात्र काढून टाकावी. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला त्याच्या वयास साजेल अशा वर्गात प्रवेश मिळण्याचा हक्क आहे.

खरा प्रश्न वर्गाचा नव्हे, वर्गातील शेजाऱ्याचा आहे. सन १९५० नंतरच्या दशकात यूसिम नावाचे अमेरिकन समाजशास्त्रज्ञ दांपत्य आपल्या तीन मुलांसह भारतात येऊन राहिले व येथे कामानिमित्त राहणाऱ्या आपल्या देशबांधवांचा त्यांनी अभ्यास केला. आईबापांच्या देशाची पुरती नव्हेत आणि राहत्या देशाचीही नव्हेत, अशा मुलांना 'तिसऱ्या संस्कृतीची मुले' हे नाव रूथबाई यूसिम यांनी दिले. असे मूल परत आले म्हणजे त्याच्याजवळ सांगण्यासारखे पुष्कळ असते, पण बाकावरचा सोबती दोन दिवसांत कंटाळतो. त्या वेळी ऐकून घेणारे माणूस घरात लागते. ते बहुधा आजीच असते, जिने जाण्यास सर्वांत अधिक विरोध केलेला असतो.

म्हणून मुलालाही निघण्यापूर्वी विचारावे, आणि वर्षाच्या मध्यावर पुन्हा एकदा विचारावे; त्याने परत जायचे म्हटले तर काय करावयाचे, हे आईबापांनी आधीच ठरवून ठेवावे. तिकिटाचे पैसे त्यासाठी वेगळे बाजूस काढलेले असावेत.

पत्रलेखकांच्या घरी वृद्ध मातापितरेही आहेत. त्यांना दोन वर्षे मागे ठेवून जाण्याचा प्रश्न या पानात मावण्यासारखा नाही. तो पुढील महिन्यात घेऊ.