चिंध्यांचे वकीलपत्र

‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ ही म्हण ज्याने काढली त्याच्या घरी गोधडी नसावी. असती, तर थंडीच्या दिवसांत पहाटे पाय पोटाशी घेऊन झोपताना त्याला आपल्या म्हणीचा फेरविचार करावासा वाटला असता. अखंड तागा कपाटात घडी करून ठेवायला छान दिसतो. ऊब लागते ती चिंध्यांचीच. आजवर ही म्हण मी मुकाट्याने ऐकून घेतली. शाळेत ऐकली, कचेरीत ऐकली, लग्नाच्या बैठकीत तर मुलीकडच्या मंडळींच्या तोंडून माझ्यादेखत ऐकली. पण तिचा इंग्रजी मावसभाऊ एका जर्मन गृहस्थाच्या तोंडून, रात्री साडेबारा वाजता, अस्वलाच्या अवतारात उभे राहून ऐकण्याची पाळी आली, तेव्हा मात्र या चिंध्यांचे वकीलपत्र घेणे मला भाग पडले.

अस्वलाचा खुलासा आधी करतो, नाहीतर वाचक भलताच समज करून घ्यायचे.

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट नावाचा एक खेळ २००४ साली निघाला. जगभरची माणसे आपापल्या घरी संगणकासमोर बसतात आणि इंटरनेटवरून एकाच काल्पनिक मुलखात शिरून राक्षस मारतात. (इतर उद्योगही आहेत. गळ टाकून मासे धरता येतात, रांधता येतात, लिलावघरात घासाघीस करता येते. मी राक्षसांपेक्षा मासेच जास्त मारले आहेत.) या मुलखात पाऊल टाकण्यापूर्वी क्लास निवडावा लागतो. मी क्लास निवडल्याचे घरात जाहीर केले, तेव्हा शेजारच्या वहिनींनी “फी किती हो?” म्हणून विचारले होते. तर हा क्लास म्हणजे शिकवणी नव्हे. जात म्हणावे तर आणखीच भांडण लागेल. आपण पेशा म्हणू.

असे नऊ पेशे सुरुवातीला होते, आणि कामे तीन. मार खाणे, मार देणे आणि मार खाणाऱ्याला मलमपट्टी करणे. पाच जणांची टोळी निघते तिच्यात एक ढाल, एक वैद्य आणि तीन मारकरी. नवांपैकी चार पेशे निव्वळ मारकऱ्यांचे. जादूगार, वॉरलॉक, शिकारी आणि रोग. हा रोग म्हणजे आजार नव्हे. अंधारात मागून येऊन पाठीत सुरा खुपसणारा इसम. तसा आजारच, पण समोरच्याचा. या चौघांना दुसरे काही येत नाही आणि त्याचा त्यांना केवढा अभिमान!

आता आमचा ड्रुइड पाहा. मुळात हा अरण्यातला मांत्रिक. मंत्र म्हणून जखमा भरतो. दहाव्या पातळीवर त्याला अस्वल होता येते, की झाला ढाल. विसाव्या पातळीवर मांजर होता येते, म्हणजे चांगले बिबट्याएवढे मांजर. की झाला मारकरी. मध्ये सोळाव्या पातळीवर तो पाण्यात पोहणारे जनावर होऊन नदीनाले ओलांडतो. इतरांनी घोड्यासाठी चाळिसाव्या पातळीपर्यंत पैसे साठवायचे. हा तिसाव्यालाच चित्ता होऊन फुकटात पळतो. पुढे मर्जी असेल तर घुबडाचे तोंड, अस्वलाचे धड आणि वर शिंगे असे एक ध्यान होऊन लांबूनच जादू फेकायचीही सोय आहे. एका माणसात एवढा प्राणिसंग्रह असताना दुसरा कुठला पेशा कोण घेईल? मी तरी नाही घेतला.

“काका, हायब्रिड घेऊ नका,” पुतण्या म्युनिकहून म्हणाला. त्याच्याच टोळीत मी जाणार होतो. “तुम्हाला सगळं येईल, पण नीट काहीच येणार नाही.”

“अरे, पण सगळं येईल ना?”

“कुणी करू देणार नाही!”

पोरगा खरे बोलत होता. माझे भांडण नेमके या ‘करू देणार नाही’शी आहे.

या खेळात हायब्रिड टॅक्स नावाची एक चीज आहे. कर म्हटले की मध्यमवर्गीय माणूस कान टवकारतो, तसे मीही टवकारले. युक्तिवाद असा की, ज्याला एकच काम येते त्याचे ते काम इतरांपेक्षा थोडे सरस असले पाहिजे. ड्रुइडचे मांजर रोगाइतकेच मारू लागले, तर रोग व्हायला कोण जाईल? अष्टपैलूपणाची किंमत म्हणून त्याचा घाव थोडा हलका ठेवा. हा युक्तिवाद मला मान्य आहे. अगदी छापून घेऊन खाली सही करायला सांगा, करतो. आमच्या ड्रुइडांतही काही अतिशहाणे आहेत. त्यांना अस्वलाची चामडी पाहिजे, वैद्याचा हात पाहिजे आणि वर पुन्हा सगळ्यांत जास्त मारल्याचे प्रशस्तिपत्रही पाहिजे. त्यांची वकिली मी करीत नाही. दोन आणे कमी घ्या आणि गप्प बसा, असेच त्यांना सांगेन.

पण कर घेता तर रस्ते द्या की! अष्टपैलूपणाचा कर वसूल करून घ्यायचा आणि मग पैलू मात्र एकच ठेवायचा, हा कुठला न्याय? सुरुवातीच्या वर्षांत चाळीस-चाळीस जणांच्या स्वाऱ्या निघत. ड्रुइड दाराशी आला की त्याला पहिला आणि शेवटचा हुकूम, “मलमपट्टी कर.” अस्वल नको, मांजर नको, ते घुबड तर नकोच नको. या स्वाऱ्यांतून ड्रुइडसाठी जी चिलखते मिळत तीही बहुतेक मलमपट्टीच्याच कामाची. बरे, वैद्य म्हणून तरी मान? मेलेल्याला उठवण्याचा मंत्र इतर वैद्यांना हवा तेव्हा म्हणता येई. ड्रुइडला अर्ध्या तासातून एकदा, आणि त्यालाही वाण्याकडून बी विकत आणावे लागे. म्हणजे कर अष्टपैलूचा, काम एकपैलूचे आणि त्या एका पैलूतही दुय्यम पंगत.

मन बदलायचे म्हटले तर दंड. साठाव्या पातळीपर्यंत कौशल्याचे एक्कावन्न गुण मिळतात. ते अस्वलावर घालायचे की औषधावर, हे आधी ठरवायचे. पुढे फिरवायचे झाले तर पहिल्यांदा एक सोन्याचे नाणे, मग पाच, मग दहा, असे चढत चढत पन्नास नाण्यांपर्यंत. जो पेशा मुळात मन बदलण्यासाठीच जन्मला त्याला मन बदलण्याचा दंड! पोहणाऱ्याकडून ओले झाल्याबद्दल पैसे घेण्यातलाच हा प्रकार. एप्रिल २००९मध्ये दोन तऱ्हा जवळ बाळगण्याची सोय झाली, तीही एक हजार नाणी मोजून. आता नव्या अवतारात तो दंड नाही, करही बराचसा उतरला आहे आणि ड्रुइडच्या चारही तऱ्हा सुखाने नांदतात. पण लोकांना सुख मानवत नाही. २०१९च्या ऑगस्टमध्ये तोच जुना खेळ जुन्या नियमांसकट ‘क्लासिक’ म्हणून पुन्हा सुरू झाला, आणि आम्ही सारे आनंदाने त्या जुन्या अन्यायात परत राहायला गेलो. वाडा गळका होता म्हणून सोडलेला, आणि पुन्हा तिथेच भाड्याने जाऊन बादल्या मांडायच्या!

यावेळी मात्र एक नवे संकट दारात उभे होते. पंधरा वर्षांत मंडळी हिशेबात फार तरबेज झाली होती. मीटर नावाची एक पट्टी पडद्यावर सतत चालू असते. कोणी किती मारले ते उतरत्या क्रमाने, नावानिशी. या पट्टीत मांजराला इज्जत राखायची तर काय करावे लागते, ते ऐका. नोमरेगन नावाच्या बुटक्यांच्या नगरात एक यंत्रमानव आहे. त्याला ठोकला की कधीकधी त्याच्याकडून एक गदा मिळते. ती वापरली की अर्धा मिनिट मारण्याचा वेग दीडपट होतो. मात्र ती तीनदाच वापरायची, मग संपली. म्हणून मानी ड्रुइड स्वारीच्या आधी तासन्‌तास त्या बुटक्यांच्या तळघरात खेपा घालतात आणि गदांचे गाठोडे बांधून आणतात. शिकारी तेव्हा झोपलेला असतो. जादूगार पाव खात बसलेला असतो. पावही त्याने जादूनेच केलेला. आणि एवढे करून मांजराला काय मिळते? “ड्रुइडच्या मानाने बरं आहे हं!”

मीटरवर माझा मुख्य आक्षेप आहे. मारले किती एवढेच ते मोजते. मांजर किंवा अस्वल टोळीत नुसते उभे असले, आणि त्याने ते कौशल्य घेतले असले, तर टोळीतल्या साऱ्यांचा जबर घाव बसण्याचा संभव तीन टक्क्यांनी वाढतो. ते तीन टक्के जमा कुणाच्या खाती? रोगाच्या, शिकाऱ्याच्या. वैद्याची मंत्रशक्ती संपत आली की ड्रुइड त्याला एक मंत्र देतो आणि वीस सेकंदांत त्याला पुन्हा बाळसे धरते. पुढच्या मलमपट्टीचे श्रेय कुणाला? वैद्याला. लग्नघरात एक मामा असतो. गुरुजींना स्कूटरवरून आणतो, संपलेला सिलिंडर बदलून देतो, रुसलेल्या आत्याला खाली उतरवतो, ऐनवेळी मुंडावळ्या तुटल्या तर खिशातून दोरा काढतो. अल्बम आल्यावर बघा, एका फोटोत मामा नाही. मीटर म्हणजे लग्नाचा अल्बम. त्यावरून लग्न कुणी पार पाडले हे ठरवायला लागलो तर सगळे श्रेय व्याह्यांच्या फेट्याला जाईल.

त्या रात्री हेच झाले. युरोपातले संध्याकाळचे आठ म्हणजे हिवाळ्यात आपले रात्रीचे साडेबारा. स्ट्रॅथोम नावाच्या जळक्या शहरात आम्ही पाच जण शिरलो होतो. पुतण्या शिकारी, तो जर्मन गृहस्थ जादूगार आणि म्होरक्या, एक शिपाई ढाल म्हणून, एक धर्मगुरू वैद्य म्हणून, आणि मी मांजर. मधल्या चौकात शिपाई आडवा झाला. त्याच्यावरची सगळी पिशाच्चे वळली वैद्याकडे. जादूगार मारतच राहिला. त्याला दुसरे येते काय? पुतण्याही मारत राहिला. मी मांजराचा अस्वल झालो, एकाला गुरगुरून ओढले, दुसऱ्याला पंजा मारला, सगळी वरात अंगावर घेतली. वैद्याची शक्ती संपली तेव्हा क्षणभर माणूस झालो, त्याला मंत्र दिला आणि पुन्हा अस्वल. चौक साफ झाला. चौघे जिवंत, पाचवा उठवण्याच्या स्थितीत. मी धापा टाकत उभा. (अस्वल नव्हे, मीच. या वयात तीन कळा एका सेकंदात दाबणे हा व्यायामच आहे.)

मग मीटर वाचले गेले. पहिला जादूगार, दुसरा पुतण्या, तिसरा शिपाई. हो, तो मेलेला शिपाई. चौथा मी. माझ्याखाली फक्त वैद्य, आणि त्याने त्या लढाईत कुणाला बोटसुद्धा लावले नव्हते.

“हायब्रिडचं हे असंच,” म्होरक्या त्याच्या इंग्रजीत म्हणाला, आणि पाठोपाठ ती सर्व धंद्यांत पारंगत आणि एकातही उस्ताद नसलेल्या जॅकची म्हण आली. पुतण्या गप्प. पगार नसला तरी म्होरक्या तो म्होरक्याच!

माझे म्हणणे साधे आहे. बेत ठरल्याप्रमाणे पार पडला तर एककल्ली माणूस श्रेष्ठ. यात वादच नाही. पण अष्टपैलू माणूस बेत पार पडण्यासाठी नसतोच, तो बेत फिसकटण्यासाठी असतो. आणि बेत फिसकटला की मीटर पाहायला कुणाला सवड नसते. म्हणून तो कायम तोट्यात. १९५२ साली लॉर्ड्सवर विनू मांकडांनी सलामीला येऊन ७२ आणि १८४ धावा काढल्या आणि मधल्या काळात ७३ षटके टाकून पाच बळी घेतले. सामना आपण हरलो. हाच मनुष्य कसोटीत पहिल्यापासून अकराव्यापर्यंत प्रत्येक क्रमांकावर खेळला आहे. म्हणजे जिथे भोक पडले तिथे मांकड! त्यांना कुणी भाराभर चिंध्या म्हटल्याचे ऐकिवात नाही. क्रिकेटमध्ये आपण त्याला अष्टपैलू म्हणतो, टाळ्या वाजवतो. तेच गुण घेऊन कोणी संगणकावर अस्वल झाला की तो स्टेपनी.

आणि हे दुखणे एका खेळापुरते नाही. फायनल फँटसी इलेव्हन हा जपानी खेळ २००२चा. त्यात रेड मेज नावाचा पेशा आहे. अंगात लाल झगा, डोक्याला पीस खोवलेली टोपी, कमरेला तलवार, आणि पांढरी जादूही येते, काळीही येते. काय रुबाब! लोक त्या टोपीवर भाळून तो पेशा घेत. एक्केचाळिसाव्या पातळीवर त्याला इतरांची मंत्रशक्ती भरून काढणारा मंत्र मिळे. तो मिळाला की सहा जणांच्या टोळीत जागा पक्की, पण त्या मंत्रापुरतीच. तलवार कमरेलाच. पाणक्याला भरजरी अंगरखा घालावा तसला प्रकार.

पुतण्या म्हणतो, “काका, तुम्ही मनाला लावून घेता. सरळ एक जादूगार काढा आणि मीटरवर वर या.” कशाला येऊ? माझ्या पाठीवरच्या पिशवीत आज तीन तऱ्हांची तीन चिलखते आहेत. त्यांनी एवढी जागा अडवली आहे की मासे ठेवायला जागा उरत नाही. एवढे ओझे हौसेने वाहणाऱ्या माणसाला तुम्ही एका कामाला जुंपणार, त्यातला कर कापून घेणार आणि वर म्हण ऐकवणार?

परवा म्होरक्याचा निरोप आला. रविवारच्या स्वारीला एक ढाल कमी पडते आहे, बहुधा एक वैद्यही येणार नाही, तेव्हा ड्रुइड पाहिजेच. येताना सगळी चिलखते घेऊन यावे. मी उलट टपाली कळवले, की येतो. मात्र स्वारीभर मीटर बंद राहील आणि वाण्याच्या बियांचे पैसे टोळीच्या खजिन्यातून मिळतील, एवढे लेखी पाहिजे.

अजून उत्तर नाही.