मूल निजले असता दाईचा वेळ कोणाचा?

गेल्या पंधरवड्यात आमच्या परिचयाचे एक व्यापारी गृहस्थ एका विचित्र प्रश्नाचा निकाल मागण्यास आमच्याकडे आले होते. त्यांच्या घरी दीड वर्षांच्या नातवास सांभाळण्यासाठी सकाळी नऊपासून सायंकाळी सातपर्यंत एक बाई येते. मूल दुपारी दोन ते चार निजते. त्या अवधीत बाई पाळण्याशेजारी बसून मोबाइलवर काही पाहते, कधी भिंतीस टेकून डोळा लावते, असे त्यांच्या सूनबाईंच्या दृष्टीस पडले. दहा तासांपैकी दोन तास जर आरामात जातात, तर पगाराचा पाचवा हिस्सा कापण्यास कायद्याची हरकत आहे काय, हा त्यांचा प्रश्न. गृहस्थ सज्जन आहेत, आणि धर्मकार्याच्या वर्गणीत त्यांचे नाव पहिल्या पाचांत असते. म्हणूनच हा प्रश्न आम्हास अधिक खुपला.

आम्ही त्यांस उलट विचारले, की शेटजी, आपल्या पेढीवर दुपारी गिऱ्हाईक नसते तेव्हा गुमास्ता गादीवर जांभया देत बसतो, त्याचे तेवढ्या वेळाचे वेतन आपण कापता काय? ते हसले आणि म्हणाले, 'तो दुकान सोडून जात नाही ना!' आमचे म्हणणे एवढेच आहे. बाईही पाळणा सोडून जात नाही. मूल उठले, तापले, पालथे पडले, तर हाक ऐकावयाची तिनेच. तिला त्या दोन तासांत आपल्या घरी जाता येत नाही, आपल्या लेकराच्या शाळेत डोकावता येत नाही. ज्या वेळाचा मालक दुसरा आहे, त्यास विश्रांती हे नाव देणे म्हणजे शब्दांची फसवणूक होय.

कायद्याच्या जगात हा वाद नवा नाही. 1944 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे एका कारखान्यातील आग विझविणाऱ्या नोकरांचा दावा आला. रात्री ते कारखान्याच्या आगशाळेत राहत, निजत, करमणूक करीत. हाक आली तरच धावावयाचे. न्यायालयाने सांगितले, की वाट पाहण्याचा वेळ हा कामाचा वेळ होऊच शकत नाही असा कोणताही कायदेशीर नियम नाही. वस्तुस्थिती पाहून ठरवावे. पुढे 2011 साली जिनीव्हा येथे आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेने घरकामगारांविषयी 189 क्रमांकाचा करार संमत केला. जो वेळ कामगारास स्वतःच्या इच्छेने घालविता येत नाही, जो घरधन्याच्या हाकेसाठी राखून ठेवावा लागतो, तो देशाचा कायदा ठरवील त्या मर्यादेपर्यंत कामाचाच वेळ मानावा, असे त्यात म्हटले आहे. आपल्या देशाने त्या करारास अनुकूल मत दिले. मान्यतेची मोहोर मात्र अद्याप उमटविलेली नाही. महाराष्ट्राने 2008 साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला, तो मुख्यतः नोंदणी व मदत यांपुरता. जानेवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयासही केंद्र सरकारला सांगावे लागले, की या वर्गासाठी कायदा करता येईल काय याचा समिती नेमून विचार करा. ज्या मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने 1890 साली गिरणीकामगारांस रविवारची सुटी मिळाली, त्याच मुंबईत सव्वाशेहून अधिक वर्षांनी, आठवड्याची सुटी मागणाऱ्या दाईस 'मग मुलाकडे कोण पाहणार?' हे उत्तर मिळावे, याचे आम्हास नवल वाटते.

आता व्यवहाराचे बोलू. पुष्कळ गृहिणी म्हणतात, बाई रिकामीच बसते तर चार भांडी विसळली, भाजी निवडली, तर बिघडले कोठे? बाळाच्या बाटल्या उकळणे, त्याची लंगोटी-दुपटी घडी करणे, हे तिच्या कामातच मोडते. परंतु घरची भांडी हे दुसरे काम. त्याचा ठराव निराळा, दामही निराळा. शिवाय नळाखाली भांडी खडखडत असता आतल्या खोलीतील मुलाची कुरकूर ऐकू येत नाही, ही साधी गोष्ट ध्यानात कशी येत नाही? हात रिकामे ठेवून कान जागे ठेवणे, याचसाठी तर तिला नेमिले आहे.

तेव्हा मूल निजले असता तिने वाचावे, शिवावे, विणावे, घरी हलक्या आवाजात फोन करावा, परीक्षेचा अभ्यास असेल तर तोही करावा. मात्र कानांत यंत्रे खोवून बसणे आम्हास मान्य नाही. त्याने जागेपणाच नाहीसा होतो. झोपेची गोष्ट नाजूक आहे. कठड्याच्या पाळण्यातील तान्हे आणि पलंगावरून उतरू लागलेले मूल यांत अंतर आहे. दुसऱ्या प्रकारात दोघांनीही निजणे धोक्याचे. पण जी बाई घरीच राहते आणि रात्री तीनदा उठते, तिने दुपारी डोळा लावल्यास कपाळाला आठ्या घालणाऱ्यांनी एक रात्र स्वतः जागून पाहावी. अशा घरी दुपारी तासभर कोणी मुलाजवळ बसावे आणि तिला खरोखर मोकळे करावे. तोच तास विश्रांतीचा, बाकीचे पहाऱ्याचे. हे सारे नेमतेवेळीच बोलून, शक्य तर कागदावर उतरवून घ्यावे. व्यापाऱ्यांस हे आम्ही शिकवावयास नको. दहा पोती साखरेचा सौदा ते तोंडी करीत नाहीत.

कापूरहोळच्या धाराऊने बाळ संभाजीराजांस दूध पाजले, ही कथा आपण कौतुकाने सांगतो. आपल्या दारच्या धाराऊचा हिशेब मात्र मिनिटांनी मांडतो.

शेटजींनी कपातीचा विचार सोडला. उठता उठता आम्ही त्यांस विचारले, की सकाळी नऊपासून आलेली ती बाई जेवते केव्हा? ते थबकले, थोडे ओशाळले, आणि 'घरी विचारून सांगतो' म्हणून निघून गेले. उत्तर अद्याप आलेले नाही.